कळमनुरीला रेल्वे नाही

कळमनुरीला रेल्वे नाही. पूर्वीही नव्हती, आजही नाही. निजामाच्या अमदानीत पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेजचे रूळ आले आणि तेथे येऊन दमल्यासारखे थांबले. पुढे वाशीम, अकोला, खांडवा असा मार्ग जोडला गेला तो स्वातंत्र्यानंतर. २००८ साली पूर्णा ते अकोला हा पट्टा रुंदही झाला. पण या सगळ्या उलाढालीत कळमनुरी आपली वीसेक किलोमीटर बाजूलाच राहिली. गावाला त्याचे फारसे दुःख नसावे. ज्याला कळमनुरीला जायचे असते तो हिंगोलीला उतरून मोटारीने जातो, किंवा नांदेडहून एस. टी. पकडतो, आणि ज्याला जायचे नसते त्याला हे गाव वाटेत लागून गेल्याचेही कळत नाही. आता तर अकोल्याहून नांदेड-देगलूरकडे जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. मोटारी सुसाट जातात. गाडीतले लोक वारंगा फाट्याला उतरून खिचडी खातात, वाहवा करतात आणि पुढे निघतात.

त्या खिचडीबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वारंगा फाटा म्हणजे नागपूर-तुळजापूर रस्ता आणि हा हिंगोलीचा रस्ता जेथे भेटतात ते ठिकाण. चार दिशांची माणसे तेथे भूक घेऊन उतरतात. कढईतून नुकतीच काढलेली भजी, वाफाळलेली खिचडी आणि सोबत तिखटजाळ मिरची. पुण्या-मुंबईचा माणूस पहिल्या घासाला पाणी मागतो, आणि आमचा माणूस दुसरी प्लेट. नांदेडहून येताना मी तेथे उतरलो नाही असे पन्नास वर्षांत झालेले नाही. फाटा मागे पडला की आखाडा बाळापूर, आणि मग कळमनुरी.

‘आखाडा’ हा शब्द बाहेरच्या वाचकाला तालमीची आठवण करून देईल. आमच्याकडे त्याचा अर्थ निराळा आहे. शेतातले राहते ठिकाण, म्हणजे एक खोपी किंवा दोन खणांचे घर, दावणीला बैल, कडब्याची गंजी आणि अंगणात एखादे लिंबाचे झाड, हा आमचा आखाडा. सालगड्याचा संसार तेथेच, आणि पेरणी-राखणीच्या दिवसांत मालकाचा मुक्कामही तेथेच. बाळापूरच्या नावात तो आहे आणि या लेखातही तो येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवले.

गावाच्या नावाची फोड आमच्या एका शिक्षकांनी मोठी झोकात केली होती. ‘कलम’ म्हणजे लेखणी आणि ‘नूर’ म्हणजे प्रकाश. तेव्हा या गावात जन्मून ज्याने अभ्यास केला नाही त्याला क्षमा नाही! भाषाशास्त्रज्ञ या व्युत्पत्तीला हसतील, हसोत बापडे. गावात नुरी बाबांचा दर्गा आहे, त्यामुळे ‘नुरी’ कोठून आले हा प्रश्न आम्हां मुलांना कधी पडला नाही. आणि ‘कलम’ तर आमच्या बोटांना शाईच्या रूपाने चिकटलेलीच असायची. दर्ग्यावर नारळ-रेवड्या घेऊन सगळेच जात. वार्षिक परीक्षेच्या आधल्या गुरुवारी तेथे जी गर्दी होई तिच्यात हिंदू किती, मुसलमान किती, याची मोजदाद कोणी केली नाही. नापास होण्याचे भय सर्वांना सारखेच होते.

हा मुलूख जुना मोगलाईतला. पैनगंगा ही हद्द. नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे वऱ्हाड. हिंगोलीहून वाशीमकडे जाताना कनेरगाव लागते, त्याच्या पुढचा ‘नाका’ हा शब्द त्याच जकातीच्या आणि सरहद्दीच्या दिवसांचा. १९४८ साली नदीपलीकडे उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता. इकडची तरुण पोरे रात्री नदी उतरून तिकडे जात, ही गोष्ट आम्ही लहानपणी वडीलधाऱ्यांकडून इतक्यांदा ऐकली की, आपणच ती नदी उतरलो होतो असे वाटावे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपले. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. आणि १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. माझ्या वडिलांनी घराचा उंबरा न ओलांडता दोन राज्ये पालटलेली पाहिली, आणि जिल्हा बदललेला पाहायला मात्र ते राहिले नाहीत.

राज्य जाते, शब्द मागे राहतात. आमच्या घरी शाळेच्या इयत्ता कोणी विचारल्या तर आजोबा ‘तहतानिया, वस्तानिया, फोकानिया’ अशा सांगत. प्राथमिक, माध्यमिक आणि वरची शाळा. शिक्षक म्हणजे मुदर्रिस, मुख्याध्यापक म्हणजे सदर मुदर्रिस. वडिलांची जन्मतारीख फसली सनात लिहिलेली. तीत पाचशे नव्वद मिळवायचे म्हणजे इसवी सन येतो, हा हिशेब आम्ही पाढ्यांच्या बरोबरीने शिकलो. आमच्या पिढीला एवढा त्रास पडला नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तोंडाकडे पाहून वय ठरवले आणि तारीख १ जून टाकली. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस १ जूनला येतो.

तर या वर्गाचीच गोष्ट सांगायची आहे.

आम्ही १९७३ च्या मार्चमध्ये मॅट्रिकला बसलो. त्या वेळी अकरावीची मॅट्रिक होती. दहावीची शालान्त परीक्षा १९७५ पासूनची. २०२३ साली त्याला पन्नास वर्षे झाली म्हणून दिवाळीत, भाऊबीज आटोपल्यावर, मेळावा ठरला. मेळावे हल्ली गावोगाव होतात, त्यांत कोणाला नवल वाटू नये. फेटे बांधले गेले, हार घातले गेले, हयात असलेल्या दोन गुरुजींचा शालश्रीफळ देऊन सत्कार झाला, आणि भाषणे झाली. भाषणांत प्रत्येकाने ‘मी फार बोलणार नाही’ असे म्हणून घेतले. जेवणात वरण-बट्टी होती आणि ती चांगली होती. मेळाव्याविषयी एवढे पुरे.

एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. आमच्या वर्गात मुली तीन. त्यांतली एक आली होती. उभी हयात प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली. आम्ही सारे तिला आता ‘बाई’ म्हणत होतो, आणि ती आम्हांला आमच्या आडनावांनी, जणू हजेरी घेत असावी तसे. ती म्हणाली, “चार वर्षं आम्ही तिघी पहिल्या बाकावर बसलो. पाठीमागं कोण बसतं ते आम्ही वळून पाहिलं नाही. आज तुमची तोंडं पहिल्यांदा नीट पाहायलेय.” सगळे हसले. मग तिने सांगितले की, मधल्या सुट्टीत तिघी मिळून एका नातेवाइकाच्या घरी जात, कारण शाळेत मुलींना जायला जागाच नव्हती. आणि ते घर बंद असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नसत. यावर कोणी हसले नाही. पन्नास वर्षे आम्ही आमच्या शाळेच्या गोष्टी सांगत आलो, त्यांत ही एक कोणाला ठाऊक नव्हती. संध्याकाळी तिचा मुलगा तिला घेऊन गेला. रात्रीच्या बैठकीला ती नव्हती. आमच्या पिढीत ते तसेच राहून गेले.

रात्रीची बैठक एका वर्गमित्राच्या आखाड्यावर होती, कळमनुरीपासून तीन-चार किलोमीटरवर. नऊजण होतो. त्यांत एक डॉक्टर, एक गुत्तेदार (म्हणजे पुण्याकडचा कंत्राटदार), दोन मास्तर, एक बँकेतून निवृत्त झालेला, बाकीचे शेतकरी. सोयाबीन निघून गेले होते, रान मोकळे होते, आणि बांधाच्या पलीकडे हळद उभी होती. आमच्या लहानपणी हे सोयाबीन नव्हते. जिकडेतिकडे ज्वारी, कापूस आणि तूर. हळद तेव्हा कोणा बागायतदाराच्या मळ्यात दिसे. आता वसमतपासून इकडे सगळा जिल्हाच हळदीचा झाला आहे. थंडी नुकती पडू लागली होती. शेकोटी पेटली, बाजेवर आणि पोत्यांवर मंडळी पसरली, आणि भाषणात जे कोणी बोलले नव्हते ते बोलू लागले.

पहिला विषय निघाला तो घंटेचा. आमच्या शाळेची घंटा म्हणजे दोरीने टांगलेला रुळाचा एक तुकडा. ज्या गावाने आगगाडी पाहिली नाही त्या गावात तो तुकडा कोठून आला होता देव जाणे. शिपाई त्याच्यावर लोखंडी पहार मारी. “आपल्या गावाला आलेली रेल्वे एवढीच,” गुत्तेदार म्हणाला, “आन् तीबी वेळेवर.”

मग गणिताचे मास्तर. त्यांचे सगळे शिक्षण उर्दूतून झालेले. हैदराबादेला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथे गणित, विज्ञान, कायदा, सारे उर्दूतून शिकवीत. त्यासाठी खास भाषांतराचा कारखानाच काढला होता. त्या शिक्षणाची माणसे १९४८ नंतर मराठी शाळांत मास्तर म्हणून उभी राहिली. एका दिवसात भाषा बदलली. फळा तोच राहिला. आमच्या मास्तरांचे मराठी शुद्ध होते, पण भूमितीला हात घातला की जुने शब्द उसळी मारून वर येत. त्रिकोण म्हणजे मुसल्लस, कोन म्हणजे जाविया, वर्तुळ म्हणजे दायरा. आमच्या वह्यांत दोन्ही शब्द असत. पुढे औरंगाबादला कॉलेजात गेल्यावर प्राध्यापकांनी काही विचारले तेव्हा आमच्यातला एकजण ‘मुसल्लस’ म्हणून गेला आणि वर्षभर तेच त्याचे नाव पडले. तो बँकवाला. त्या रात्रीही त्याला कोणी खऱ्या नावाने हाक मारली नाही.

या मास्तरांचा राग उर्दूत असे आणि माया मराठीत. छडी मारताना “नालायक, हाथ आगे कर” आणि मग मधल्या सुट्टीत तोच हात धरून, “दुखलं का रे फार?” वर्गात आम्ही तीन-चार बोल्या बोलत होतो. गावातल्या मुसलमान मुलांची दखनी, तांड्यावरून येणाऱ्या लमाणी पोरांची गोरमाटी, नदीकाठच्या आंध मुलांची निराळ्या हेलाची मराठी, आणि आमची ही ‘जायलो-करायलो’ची. मास्तरांनी कोणाच्या बोलण्याला हसू दिले नाही. “जुबान कुठलीही असू दे, जाविया नव्वदचाच राहतो,” असे ते म्हणत. डॉक्टरने हे वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवले तेव्हा शेकोटीभोवती थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही.

गावचे विद्यार्थी थोडे, बाहेरगावचे फार. तालुक्यात वरची शाळा मोजक्याच ठिकाणी. म्हणून वीस-वीस मैलांवरची पोरे कळमनुरीला खोली घेऊन राहत. एका खोलीत चौघे, कंदील एक, पाण्याचा घडा एक. जेवण घरून यायचे, आणि ते आणायची एस. टी. ज्याने हा डबा पाहिला नाही त्याला त्याची कल्पना यायची नाही. पहाटे आई भाकरी थापायची, चटणी किंवा बेसन, कधी वांग्याची भाजी, फडक्यात बांधून गाठीला चिठ्ठी, आणि सकाळच्या गाडीला कोणीतरी ते गाठोडे कंडक्टरच्या हवाली करायचे. त्याचे तिकीट नसे, पावती नसे. कंडक्टर ते टपावर किंवा आपल्या बाकाखाली ठेवायचा आणि स्टँडवर आणून टाकायचा. आम्ही शाळा सुटण्याआधीच एकाला पाठवून देत असू. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की गाडी नाही, गाडी नाही म्हणजे भाकरी नाही; मग गावातल्या मुलांच्या घरी वाटून जेवण. निजामी राज्यात १९३२ सालीच सरकारी मोटारी सुरू झाल्या होत्या, पुढे १९६१ साली आमच्या भागातली ती वाहतूक महाराष्ट्राच्या एस. टी.त आली, वगैरे इतिहास पुस्तकात मिळेल. टपावरून आलेल्या भाकरीला धुळीची आणि डिझेलची जी चव असे ती पुस्तकात मिळायची नाही.

डबे उघडले की कोण कोणाचा हे न सांगता कळे. पाटलाच्या घरच्या भाकरीला लोणी, कोणाकडे ज्वारीची पांढरीशुभ्र, कोणाकडे भरडी, कोणाकडे नुसतेच तिखट-मीठ. आम्ही एकत्र बसायचो खरे, पण डबे आपापल्या पुढ्यात असत. दोन-तीन मुले भिंतीकडे तोंड करून जेवत, तेही आम्ही पाहत होतो.

आणि मग १९७२ साल आले.

त्या सालाबद्दल मराठवाड्यात अधिक सांगावे लागत नाही. त्याआधीची दोन वर्षेही बेताचीच गेली होती. त्या वर्षी मृगही गेला आणि हस्तही गेला. विहिरी तळाला लागल्या. पोळ्याला बैल कमी दिसले. दिवाळीपर्यंत दुष्काळी कामे निघाली: खडी फोडणे, नाला बांध, पाझर तलाव, रस्ते. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर मिळून जवळजवळ पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. मुख्यमंत्री वसंतराव नाईक आमच्या नदीपलीकडचेच, पुसदचे. त्यांच्याच राज्यात ही कामे निघाली आणि पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. देशात आणि जगात त्या कायद्याचे नाव झाले. आमच्या लेखी त्याचा आरंभ म्हणजे शाळेच्या वाटेवर रचलेले खडीचे ढीग, आणि त्यांच्याआड बसून हातोडा मारणाऱ्या बायकांत ओळखीचे लुगडे दिसू नये म्हणून मान खाली घालून जाणारा एखादा सोबती.

ज्वारी संपली आणि रेशनवर मिलो आला, अमेरिकेचा लाल जोंधळा. त्याची भाकरी लाल होई, थापताना मोडे, आणि गार झाली की दगड. एका मास्तराने, म्हणजे आमच्यातल्या आताच्या मास्तराने, त्या रात्री एक गोष्ट काढली. तो म्हणाला, “आठवतंय का? त्या साली समद्यांचे डबे लाल झाले. पाटलाचा लाल, माझा लाल. भिंतीकडं तोंड करून जेवणारे आम्ही तिघं त्या साली पहिल्यांदा वळून बसलो.”

हे बोलणारा त्या तिघांतला होता. त्याच्या शेजारी बाजेवर ज्याचा हा आखाडा होता तो पाटलाचा मुलगा बसला होता. त्याने काही उत्तर दिले नाही. शेकोटीत एक लाकूड सरकवले. मला वाटते, उत्तर देण्यासारखे त्यात काही नव्हतेच.

याच सुमारास अंधारातून एकजण आला. अंगावर घोंगडी, हातात दुधाची किटली. चहासाठी दूध घेऊन शेजारच्या आखाड्यावरचा कोणी आला असेल असे आम्हांला वाटले. पाटील म्हणाला, “ओळखा कोण ते.” कंदिलाची वात मोठी केली. (वीज होती, पण अशा रात्री ती जाते.) प्रथम डॉक्टरने ओळखले. आमच्या वर्गातला पहिल्या तिघांत येणारा, नकाशे सुरेख काढणारा, पैनगंगेच्या काठचा मुलगा. अकरावीच्या दिवाळीनंतर तो परत आला नाही.

“अरे, दुपारी कामून आला नाहीस?” चार-पाचजणांनी एकदम विचारले.

“मला बलावणं नव्हतं.”

आमची यादी ज्यांनी केली ते समोरच होते. त्यांनी सांगितले, आणि ते खरेही होते, की यादी मॅट्रिकच्या निकालावरून केली. दुसरा कागद हाती नव्हता. ‘१९७३ ची बॅच’ म्हणजे परीक्षेला बसलेले सव्वीसजण.

“बॅच तुमची,” तो शांतपणे म्हणाला. “वर्ग माझाबी व्हता. वर्गात होतो मी, यादीत नव्हतो.”

मग जो वाद झाला तो दीड-दोन तास चालला. कोणी म्हणाले, कोठेतरी रेघ ओढावी लागते. आठवीत येऊन नववीत गेलेल्यांनाही बोलवायचे म्हटले तर गावच बोलवावे लागेल. गुत्तेदार म्हणाला, मग बोलवावे की गाव, बट्टी काय कमी पडली होती? बँकवाल्याने हिशेब मांडला: आठवीला आपण बेचाळीस होतो, परीक्षेला सव्वीस, सोळाजण कुठे गेले हे कोणी कधी विचारले? त्यांतले काही नापास होऊन गेले, दोघांची लग्ने झाली, आणि दुष्काळाच्या एका साली गेले ते नऊ. ज्याने भिंतीकडे तोंड करून जेवल्याचे सांगितले तो मास्तर म्हणाला, “मला नादारी व्हती म्हणून फी नव्हती. पर फॉर्मचे पैसे भरायचे व्हते. ते कुणी भरले मला आजवर ठाऊक नाही. ते भरले नसते तर मीबी यादीत नसतो.” हे म्हणताना तो कोणाकडेच पाहत नव्हता. नऊजणांपैकी कोणीही ‘मी भरले’ असे म्हटले नाही. गणिताच्या मास्तरांचा संशय साऱ्यांना आला. पण ते आता नाहीत, आणि असते तरी बोलले नसते.

अखेर एक वही आली आणि हजेरी सुरू झाली. आमच्या वर्गाचा मॉनिटर तेथे होता. त्याला बेचाळीस नावे क्रमाने पाठ निघाली. मास्तर घेत तशीच त्याने घेतली. जो होता तो ‘हाजिर’ म्हणाला. जो वारला होता त्याच्या नावापुढे माहीत असणाऱ्याने साल सांगितले. जो कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते त्याचे नाव दोनदा घेतले गेले. नावे मी येथे देत नाही. ती ज्यांची त्यांच्याजवळ असू देत. एकोणतिसावे नाव आले तेव्हा घोंगडीतून आवाज आला, “हाजिर.” वही लिहिणारा थबकला, कारण तो क्रमांक आमच्या मॅट्रिकच्या यादीत दुसऱ्यालाच मिळाला होता. त्याने तो खोडून नव्याने लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर आम्ही चौघे इसापूरच्या पाण्यावर गेलो. त्याला आपले गाव दाखवायचे होते.

इसापूरचे धरण पैनगंगेवर आहे. १९८२ साली ते पुरे झाले. त्याच्या कालव्यांनी मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या किती शिवारांना पाणी दिले याचे आकडे पाटबंधारे खात्याजवळ असतील. आज ज्या हळदीच्या जोरावर आमच्या भागातले लोक पक्की घरे बांधतात, तिला हे पाणी लागले आहे. हे मी मुद्दाम आधी लिहितो, कारण पुढचे वाचून कोणाला वाटायचे की धरण बांधायलाच नको होते. त्याला स्वतःलाही तसे वाटत नाही. तो म्हणाला, “पाण्यासाठीच शाळा सुटली, मंग पाण्यानंच गाव नेलं. कुणाला बोल लावायचा?”

रस्ता चढउताराचा, दोन्ही अंगांनी सागाची आणि पळसाची झुडपे. मग एकदम पाणी. नोव्हेंबर असल्याने जलाशय तुडुंब होता. निळसर, थंड, लांबवर वऱ्हाडच्या टेकड्यांना टेकलेला. पक्षी भरपूर, हा भाग आता पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात लांबलांबचे पाहुणे येथे उतरतात. पुण्याचा एखादा हौशी माणूस दुर्बीण घेऊन येथे दिवस काढील. आमच्या सोबत्याने पक्ष्यांकडे पाहिले नाही. त्याने हात लांब करून सांगितले, “ते बाभळीचं टोक दिसतंय ना, त्याच्या सरळ पुढं मारुती. त्याच्या डाव्या अंगाला चौथीपर्यंतची शाळा. एक खोली, पुढं पडवी.” उन्हाळ्यात पाणी फार उतरले की मारुतीचा पार दिसतो, आणि मग जुन्या गावची म्हातारी माणसे नारळ घेऊन येतात. शाळा दिसत नाही. तिच्या भिंती मातीच्या होत्या.

आम्ही पाण्याकाठी दगडावर बसलो. त्याने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तीत त्याचे सारे कागद होते: सातबारा, मोबदल्याचे कागद, प्रकल्पग्रस्ताचा दाखला, आणि या सगळ्यांच्या तळाशी शाळा सोडल्याचा दाखला. जन्मतारखेला पुरावा म्हणून तो त्याने चाळीस वर्षे सांभाळला होता. जन्म १ जून, हे वाचून आम्ही चौघेही हसलो. ‘वर्तणूक : चांगली.’ ‘प्रगती : उत्तम.’ आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘सतत गैरहजर.’

लिहिणाऱ्याचे काही चुकले नव्हते. त्या रकान्यात जेवढी जागा असते तेवढ्यात दुसरे काय मावणार? तो गैरहजर होता हे खरेच होते. गैरहजर असताना तो आईबरोबर कळमनुरीच्याच रस्त्यावर खडी फोडीत होता, शाळेपासून ऐकू येईल एवढ्या अंतरावर. “घंटा ऐकू यायची,” तो म्हणाला. “रुळाच्या तुकड्याची. पहिला तास भूमितीचा, दुसरा इंग्रजीचा. समदं पाठ होतं मला. कुठला तास चालू आहे ते हातोडा मारता मारता कळायचं.”

डॉक्टरने त्याला विचारले, पुढे परीक्षेला का बसला नाहीस? बाहेरून बसता आले असते. तो म्हणाला की १९७४ साली बसायचे मनात होते, पुस्तकेही मागून आणली होती. मग धरणाच्या नोटिसा आल्या, वडील खचले, आणि पुनर्वसनाच्या खेपा सुरू झाल्या. तहसीलला अर्ज लिहायला गावात दुसरे कोणी नव्हते. जवळजवळ सगळ्या गावाचे अर्ज त्याने लिहिले. कोणाची किती जमीन पाण्यात जाते ते दाखवणारे हातनकाशेही त्यानेच काढले. भूमापनाचा माणूस आला तेव्हा त्याने ते मागून घेतले. “शाळेतल्या नकाशांला दहापैकी नऊ मिळायचे,” तो म्हणाला. “त्याला किती मिळाले ते काही कळलं नाही.”

त्याची थोरली मुलगी नर्स आहे, मुलगा प्रकल्पग्रस्तांच्या जागेवर नोकरीला लागला. नातवंडे इंग्रजी शाळेत जातात आणि आजोबांना मराठीत बोलायला शिकवतात, असे तो हसत म्हणाला. एकूण त्याचे बरे चालले आहे. पाटलाच्या शेजारची चार एकर त्याने मोबदल्याच्या पैशात घेतली होती, तीत यंदा हळद आहे. एवढी वर्षे बांधाला बांध लागून राहिलेले हे दोघे शाळेविषयी एकमेकांशी कधी बोलले नव्हते.

दुपारी आम्ही कळमनुरीच्या स्टँडवर परतलो. मला नांदेडची गाडी धरायची होती. स्टँड आता मोठे झाले आहे, माणसेही वाढली आहेत, पण फलाटासमोर उभे राहून गाडीची पाटी वाचायची धांदल तीच. गाडी लागली. मी चढून खिडकीशी बसलो, तोच त्याने खालून एक फडक्यात बांधलेले गाठोडे वर केले. ते माझ्यासाठी नव्हते. त्याच्या मुलीची बदली नांदेडला झाली होती, तिच्यासाठी ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. मी म्हटले, दे इकडे, मी पोचवतो. त्याने मान हलवली आणि पुढे जाऊन ते कंडक्टरच्या पुढ्यात धरले.

कंडक्टर पंचविशीतला, हातात तिकिटाचे यंत्र. “काका, असं घेता येत नाही आता. पार्सलचं ऑफिस आहे तिकडं, पावती करा.”

“पावती करतो की,” तो म्हणाला. “पर भाकरीची पावती काय लिवणार तुम्ही?”

कंडक्टरने एकदा गाठोड्याकडे पाहिले, एकदा घड्याळाकडे. मग ते उचलून आपल्या बाकाखाली सरकवले आणि घंटीची दोरी ओढली.